कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आणि पानाखालची पांढरी माशी

इंदूर म्हटले की आपल्याकडच्या माणसाला राजवाडा आठवतो, पोहे-जिलेबी आठवते, नाहीतर सराफ्यातली रात्रीची खाऊगल्ली. कृष्णपुरा राजवाड्यापासून अगदी जवळ आहे. चालत निघाले तरी पाय दुखायच्या आत पोहोचता येते. पण बहुतेक प्रवासी तो पुलावरून, रिक्षात बसूनच पाहतात. खाली कान्ह नदी, काठावर दगडी छत्र्या, एवढे नजरेत भरते न भरते तोच रिक्षा पुढे निघून जाते. इंदूरचा मराठी भूतकाळ समजून घ्यायचा असेल तर इथे तासभर तरी बसायला हवे. आणि घरची शेती असेल तर या गावासाठी आणखी एक दिवस काढावा. आपल्या मिरची-भेंडीच्या एका जुन्या दुखण्याविषयी इंदुरात शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

छत्री म्हणजे राजघराण्यातल्या दिवंगत व्यक्तीच्या स्मरणार्थ उभारलेली इमारत. कृष्णपुऱ्यातली मानाची छत्री महाराणी कृष्णाबाईंची. पहिल्या यशवंतराव होळकरांच्या त्या पत्नी आणि दुसऱ्या मल्हाररावांच्या आई. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरची लढाई होळकर हरले, ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला आणि त्यानंतर इंदूर राजधानी झाली. त्या पडत्या काळात दरबार सावरण्यात कृष्णाबाईंचा मोठा वाटा होता. १८४४ मध्ये गादीला वारस उरला नाही तेव्हा दुसऱ्या तुकोजीरावांना गादीवर बसवण्यात त्यांनीच पुढाकार घेतला. १८४९ मध्ये त्या वारल्या. त्यांच्या सोबतीला इथे याच तुकोजीरावांची (मृत्यू १८८६) आणि शिवाजीरावांची (मृत्यू १९०८) छत्री आहे. कोरीव खांबांचे मंडप, वर निमुळती होत गेलेली शिखरे आणि आत राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती. लांबून पाहिले तर देवळेच वाटतात.

कान्ह आणि सरस्वती या दोन नद्यांचा संगम इथे जवळच आहे. इंदूरच्या मराठी घरांतही असाच एक संगम रोज ऐकू येतो. वाक्य मराठीत सुरू होते, मध्ये हिंदीत शिरते आणि पुन्हा मराठीत येऊन संपते, बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. आपल्याला याचे नवल वाटायचे कारण नाही. अक्का, अण्णा, तूप, अडकित्ता हे शब्द आपण कानडीकडून घेतले, आणि ते परत मागायला कोणी आले नाही. ज्यांच्याकडे मी उतरलो होतो त्या काकूंचे घराणे होळकरशाहीपासून इंदूरचे. ‘तुम्ही बेळगावकडची माणसं कानडीत भांडता की मराठीत?’ असे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले. मी म्हटले, ‘भांडण मराठीत, हिशेब कानडीत.’ काकू पदर तोंडाला लावून हसल्या.

माझे जाणे निमाडच्या मिरचीसाठी होते. पण मिरचीचा विषय निघाला तो काकूंच्या गच्चीवरच.

चार भाषांतली एक माशी

गच्चीवर पत्र्याच्या डब्यांत आणि कुंड्यांत काकूंनी वांगी, टोमॅटो, दोन मिरचीची झाडे आणि एक जास्वंद लावली आहे. मिरचीची शेंड्याकडची पाने आक्रसून गुच्छासारखी झाली होती. वांग्याच्या झाडाला हात लागताच पांढऱ्या कण्यांसारखे काहीतरी भुर्रकन उडाले आणि क्षणात पुन्हा पानांखाली जाऊन बसले. ‘सफेद मक्खी,’ काकू म्हणाल्या. आपण तिला पांढरी माशी म्हणतो, कानडीत बिळी नोण. शास्त्रज्ञांच्या लॅटिनमध्ये ती ‘बेमिसिया टॅबेसी’.

नावात माशी असली तरी ही घरमाशीच्या जातीची नाही. मावा, तुडतुडे, पिठ्या ढेकूण यांच्या गोतावळ्यातली ही रस शोषणारी कीड. अंगाने जेमतेम एक मिलिमीटर, पंखांवर मेणाची पांढरी भुकटी. मादी पानाच्या खालच्या बाजूला शंभर ते तीनशे अंडी घालते. अंड्यातून निघालेले पिल्लू थोडेसे चालते, जागा धरते आणि माशी होईपर्यंत तिथेच सोंड खुपसून बसते. उबदार हवेत अंड्यापासून माशीपर्यंतचा प्रवास दोन-तीन आठवड्यांत पुरा होतो. तिच्या अंगातून चिकट गोड पाणी पाझरते, त्यावर काळी बुरशी धरते आणि पान काजळी फासल्यासारखे दिसू लागते.

‘टॅबेसी’ या नावाचे मूळ तंबाखूत आहे. १८८९ मध्ये ग्रीसमध्ये गेनाडियस या शास्त्रज्ञाने ही माशी तंबाखूच्या पानावर पाहिली आणि तिचे वर्णन लिहिले. निपाणी-चिकोडीकडच्या वाचकांना हे ऐकून गंमत वाटेल. तंबाखूची पाने कोकडतात त्या रोगाचा विषाणू झाडाझाडांवर नेऊन पोहोचवणारी हीच ती बाई. १९२९ मध्ये बिहारातल्या पुसा संस्थेतून मिश्रा आणि लांबा यांनी कापसावरच्या पांढऱ्या माशीला वेगळे नाव दिले होते, ‘कापसाचा नाश करणारी’ अशा अर्थाचे. पुढे कळले की तंबाखूवरची आणि कापसावरची माशी एकच.

तिने रस शोषला म्हणून झाड सहसा मरत नाही. खरे नुकसान होते ते ती वाहून आणते त्या विषाणूने. रोगट झाडाचा रस थोडा वेळ प्यायला की विषाणू तिच्या पोटात जातो आणि मग ती बहुधा मरेपर्यंत तो वाटत फिरते. भेंडीच्या शिरा पिवळ्या पडतात तो केवडा किंवा हळद्या, टोमॅटोचा पर्णगुच्छ, मिरचीचा चुरडा-मुरडा, माळव्यातल्या सोयाबीनचा पिवळा मोझॅक, हे सारे तिचेच उपद्व्याप. भेंडीच्या केवड्याची पहिली नोंद १९२४ सालची आहे. ती कुलकर्णी नावाच्या शास्त्रज्ञांनी आपल्याच जुन्या मुंबई इलाख्यातून केली होती.

१९२४ चे इंदूर

योगायोग असा की १९२४ हेच साल इंदूरच्या शेतीच्या इतिहासातही महत्त्वाचे आहे. त्या वर्षी इथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ ही संस्था सुरू झाली. जमीन होळकर दरबाराची; पैसा कापूस समितीचा आणि मध्य भारतातल्या संस्थानांचा. प्रमुख होते अल्बर्ट हॉवर्ड. ते १९०५ पासून पुसा संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही तोलामोलाच्या शास्त्रज्ञ. काम कापसाचे होते, पण हॉवर्ड यांचे लक्ष झाडापेक्षा झाडाखालच्या जमिनीवर जास्त होते.

इंदुरात त्यांनी शेतातला काडीकचरा, तण, शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून, ओलावा राखून आणि तीन वेळा खालीवर करून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत बसवली. शेतकऱ्यांचे शहाणपण त्यांनी कमी लेखले नाही. चिनी शेतकऱ्यांची पद्धत आणि इथल्या गोठ्यातली सामग्री, दोन्हींचा त्यात मेळ आहे. १९३१ मध्ये या रीतीवरचे पुस्तक निघाले. त्यावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने नाव आहे यशवंत वाड यांचे. जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून जे कंपोस्ट शिकवले जाते, त्याच्या मुळाशी एक मराठी नाव आहे हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेल्या गांधीजींनीही ही संस्था मुद्दाम पाहिली होती. आज त्या जागी कृषी महाविद्यालय आहे.

हॉवर्ड यांचे किडीविषयीचे मत त्या काळी अनेकांना खटकले. त्यांच्या मते कीड आणि रोग हे शेतकऱ्याचे शिक्षक. पिकाच्या निगराणीत कुठे चुकते आहे ते दाखवून देण्याचे काम ते करतात. शिक्षकाला मारून चूक दुरुस्त होत नाही. हे सगळे जसेच्या तसे मानता येणार नाही. नुसते कंपोस्ट घातले म्हणून विषाणू दारातून परत जात नाही, जोमदार झाडालाही मुरडा होतो. पण त्यातला एक भाग आज प्रयोगांनीही पटतो. युरियाचा मारा करून लुसलुशीत झालेल्या हिरव्यागार पानांवर पांढरी माशी जास्त जमते आणि जास्त वाढते. काळी कसदार दिसणारी पाने पाहून आपण खूश होतो, आणि माशीही खूश होते.

घाट उतरून निमाडात

इंदूरहून दक्षिणेला सिमरोल सोडून भेरू घाट उतरला की हवा बदलते. माळव्याचे पठार संपते, बडवाह येते, नर्मदेचा पूल ओलांडला की मोरटक्का आणि पुढे सनावद. हा निमाड. कापूस, केळी आणि मिरचीचा मुलूख. सनावदजवळच्या बेडिया गावचा मिरची बाजार नावाजलेला आहे. हंगामात तिथे लाल मिरचीचे ढीग उभे राहतात आणि शिंकत-खोकत सौदे होतात. ब्याडगीच्या बाजारात उभे राहिलेल्या माणसाला तिथे परके वाटणार नाही. फरक एवढाच की ब्याडगी सुरकुतलेली, रंगाला गडद आणि तिखटाला मवाळ. तिला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. निमाडची मिरची जिभेला जास्त झोंबते. इंदूरच्या सियागंजातल्या ठोक बाजारातून ती शेवेच्या कारखान्यांत जाते, मसाल्याच्या गिरण्यांत जाते आणि पुढे परदेशीही जाते.

मागच्या दशकात या पट्ट्यात विषाणूने मिरचीचे हंगामच्या हंगाम बसवले. बांधावर भेटलेल्या एका शेतकऱ्याने उपटलेल्या झाडांचा ढीग दाखवला. ‘चुर्रा-मुर्रा आ गया,’ एवढेच तो म्हणाला. मला भाषांतराची गरज पडली नाही. आपल्याकडे चुरडा-मुरडा म्हणतात, कुठे बोकड्या म्हणतात, आणि धारवाडच्या कृषी शास्त्रज्ञांच्या लिखाणातही शब्द ‘मुरडा’ असाच येतो. नर्मदेपासून वरदेपर्यंत शेतकऱ्यांनी दुखण्याला जवळपास एकच नाव ठेवले आहे.

पण नाव एक असले तरी कारणे तीन आहेत, आणि इथेच पुष्कळांचा पैसा वाया जातो. फुलकिड्यांमुळे पाने वरच्या बाजूला वळतात. कोळ्यांमुळे ती खाली वळतात, उलटी होडी ठेवल्यासारखी, आणि देठ लांबतात. विषाणू असेल तर पाने बारीक होतात, शिरा जाड दिसतात, शेंडा गुच्छासारखा होतो आणि झाड खुजे राहते. पहिल्या दोन दुखण्यांतून झाड सावरू शकते. विषाणू एकदा झाडात शिरला की त्यावर औषध नाही. तरीही दुकानदार जे देईल ते पंपात घालून आपण सगळ्या मुरड्यांवर सारखेच फवारतो. शिवाय काही औषधांनी कोळ्यांचे भक्षक मरतात आणि कोळी उलट वाढतात. म्हणजे एक मुरडा घालवायला जावे आणि दुसरा ओढवून घ्यावा.

दोन्हीकडून परत आलेली पेटी

आता निर्यातीचे पाहू. वाळलेल्या लाल मिरचीतून पांढरी माशी परदेशी जात नाही. ती जाते ताज्या मालाबरोबर: पालेभाज्या, तुळशीसारखी सुगंधी पाने, शोभेची रोपे. युरोपच्या नियमांत युरोपबाहेरची बेमिसिया माशी ही प्रवेशबंदी असलेल्या किडींत मोडते. एवढ्याशा माशीचा इतका धसका कशाला, असे आपल्याला वाटेल. त्यांना भीती आहे ती तिच्या पोटातल्या विषाणूंची. तिथल्या काचघरांत टोमॅटो आणि काकडीचा मोठा धंदा आहे. बंदरावर किंवा विमानतळावर पेटी उघडून पान उलटे केले आणि खाली जिवंत पिले दिसली, तर पाठवलेला सगळा माल नष्ट होतो किंवा परत येतो.

२०१४ च्या मे महिन्यात हा धडा आपल्याला कडक भाषेत मिळाला. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. म्हणून १ मेपासून युरोपीय संघाने आपला आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांना दार बंद केले. त्यातली मुख्य आरोपी फळमाशी होती, हे सांगायला हवे. पण तपासणीचा चष्मा सगळ्याच किडींसाठी जाड झाला. आंब्यावरची बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली; भाज्यांना अधिक थांबावे लागले.

त्याच मे महिन्याच्या अखेरीस सौदी अरेबियाने भारतीय हिरव्या मिरचीवर बंदी घातली. कारण नेमके उलटे: मिरचीत कीटकनाशकाचे अंश जास्त सापडले.

या दोन बातम्या शेजारी शेजारी ठेवून पाहा. कीड दिसली म्हणून एक पेटी परत आली आणि कीड दिसू नये म्हणून मारलेले औषध सापडले म्हणून दुसरी. शेतकरी मधल्या मध्ये सापडला. हा फास पुढे आणखी आवळत गेला आहे. पांढऱ्या माशीवर आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरली गेलेली इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांसारखी औषधे मधमाश्यांना घातक म्हणून युरोपने २०१८ मध्ये उघड्या शेतात बंद केली. त्यातल्या थायामेथोक्झाम आणि क्लोथियानिडिन या दोहोंचे अंश बाहेरून येणाऱ्या मालातही जवळजवळ शून्यावर असावेत, असा नियम त्यांनी २०२३ मध्ये केला आणि अंमलाची मुदत मार्च २०२६ ची ठेवली. फवारणी वाढवून निर्यात वाढवायचे दिवस गेले.

औषधाने काय केले

फवारणीने माशी हटते, असेही फारसे दिसलेले नाही. १९८० च्या दशकात आंध्रातल्या गुंटूरकडे कापसावर सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधांचा सपाटा सुरू झाला. बोंडअळीसाठी मारलेल्या त्या औषधांनी पांढऱ्या माशीचे शत्रू आधी मेले आणि माशी बेसुमार वाढली. १९९९ मध्ये कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यात टोमॅटोवर माशीचा एक नवा, परदेशी वाण सापडला. तो भराभर वाढणारा आणि अधिक पिकांवर जगणारा होता. पाठोपाठ टोमॅटोच्या पर्णगुच्छाने तिथल्या शेतकऱ्याला रडवले. २०१५ मध्ये पंजाबात कापसाची तीच गत झाली. दर दोन-तीन आठवड्यांना नवी पिढी येते. औषधातून वाचलेल्या माश्यांचीच पिले पुढे उरतात आणि औषध बोथट होत जाते.

वाणांचेही तसेच. भेंडीच्या केवड्याला तोंड देणारे दोन वाण आपल्या दोन्ही भाषांच्या मुलखांनी देशाला दिले: परभणीच्या कृषी विद्यापीठाचा ‘परभणी क्रांती’ आणि बंगळूरजवळच्या बागायती संशोधन संस्थेचा ‘अर्का अनामिका’. दोघांच्या अंगातली ताकद रानभेंडीकडून आलेली. काही वर्षे त्यांनी शेतकऱ्याला तारले, मग विषाणू बदलला आणि त्यांचाही जोर ओसरला. संशोधकांना पुन्हा नव्याने कामाला लागावे लागले.

याच्या उलट एक जुनी गोष्ट आहे. हॉवर्ड इंदुरात होते त्याच काळात, १९२६ मध्ये, इंग्लंडमधल्या एका माळ्याला काचघरात पांढऱ्या माशीची काही पिले काळी पडलेली दिसली. त्याने ती फेकून न देता तज्ज्ञांना दाखवली. त्या काळ्या पिलांत एक सूक्ष्म गांधीलमाशी वाढत होती, तिचे नाव ‘एन्कार्सिया’. ती पांढऱ्या माशीच्या पिलात अंडे घालते आणि तिचे पोर आतून त्याला खाऊन टाकते. आजही काचघरांत ती मुद्दाम सोडली जाते. आपल्या मुलखालाही असा अनुभव आहे. २००२ मध्ये सांगलीकडून उसावर लोकरी मावा पसरला तेव्हा किती घाबरगुंडी उडाली होती! शेवटी डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींनी त्याला आवरले. जिथे फवारणी कमी झाली तिथे त्या टिकल्या.

नदी आणि शेत

कृष्णपुऱ्याच्या पुलावर उभे राहिले की हा सगळा विषय नदीतच मांडलेला दिसतो. कान्ह नदी वर्षानुवर्षे नाला झाली होती. वरून कितीही गाळ काढला तरी ती स्वच्छ होईना, कारण घराघरांतले सांडपाणी रोज तिच्यात येतच होते. इंदूरच्या महापालिकेने मग सांडपाण्याची ती तोंडे शोधून बंद केली आणि गटारवाहिन्यांना जोडली. ऑगस्ट २०२१ मध्ये इंदूर देशातले पहिले ‘वॉटर प्लस’ शहर ठरले. नदी अजून ओंजळीत घ्यावी अशी नाही. ती पुढे क्षिप्रेला मिळते आणि उज्जैनकरांची तक्रार मिटलेली नाही. पण कामाची दिशा बरोबर आहे: आधी तोंडे बंद करा.

पांढऱ्या माशीचे काम याच रीतीने करावे लागते. तिची तोंडे म्हणजे तरवा, तण आणि जुने पीक. मिरची-टोमॅटोचा तरवा उघड्या वाफ्यावर वाढवला तर विषाणू बाळपणीच शिरतो. म्हणून पहिले तीस-चाळीस दिवस रोपे बारीक जाळीच्या नायलॉन कापडाखाली ठेवायची. खर्च थोडा आहे आणि फायदा सगळ्यात मोठा. बांधावरची घाणेरी, गाजर गवत, पेटारी ही माशीची हक्काची घरे. ती फुलायच्या आत काढून हॉवर्ड-वाडांच्या खड्ड्यात घालावीत, त्यांचे खत होईल. मिरचीभोवती मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी लावल्या की उडत येणारी माशी अडते. पिकाच्या उंचीवर पिवळे चिकट सापळे लावले की ती आली कधी हे कळते. पहिली रोगट झाडे दिसताच हळुवार उपटून नष्ट करावीत. त्यांची कीव करून ठेवली तर ती सगळ्या शेताला रोग वाटतात. पीक संपले की वांगी-टोमॅटोची म्हातारी झाडे उभी ठेवू नयेत. युरिया हात राखून द्यावा, निंबोळी अर्काला आधी संधी द्यावी, आणि औषध मारायचेच तर कृषी खात्याच्या माणसाला विचारून, कोणत्या देशाला माल जायचा आहे ते सांगून आणि तोडणीआधीचे दिवस मोजून मारावे.

यातले एकही काम एकट्याच्या शेतापुरते राहत नाही. माशीला बांध कळत नाही, तसा राज्याचा सीमादगडही कळत नाही. संकेश्वरच्या शेतात उगवलेले तण गडहिंग्लजच्या मिरचीला त्रास देऊ शकते. एका गावाने तरवा जाळीत केला आणि शेजारच्या गावाने जुनी वांगी तशीच सोडली तर पहिल्याचा खर्च वाया जातो. ग्रामपंचायत मराठीत चालते की कन्नडात, तण कोणत्या तलाठ्याच्या दप्तरात येते, याचा इथे उपयोग नाही. दोन्ही बाजूंनी एकाच आठवड्यात कामाला लागले तर उपयोग आहे. आणि हे काम करतात कोण? तरव्याला पाणी घालणाऱ्या, खुरपणी करणाऱ्या, मिरची तोडणाऱ्या हातांत बहुतेक हात घरातल्या आणि शेजारच्या बायकांचे असतात. झाडाचे पान उलटे करून पाहायची पहिली संधी त्यांनाच मिळते. शेतीशाळेचे बोलावणे मात्र अजूनही घरातल्या पुरुषाच्या नावाने येते. हे बदलले तर पुष्कळ पैसा वाचेल.

इंदूरच्या काकूंचा उपाय घरगुती आहे. त्या दर चार दिवसांनी ओल्या फडक्याने पानांची खालची बाजू पुसतात, वांग्याची पिवळी पाने खुडतात, आणि मुरडलेले मिरचीचे झाड निर्विकारपणे उपटतात. कुंडीतल्या झाडांना एवढे पुरते. मी निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी त्यातले एक उपटले, दुसरे मात्र अजून बरे होते.

इंदूरला जायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. पुण्याहून रेल्वे आहे. सकाळी पोहे खाऊन राजवाडा पाहावा, तिथून चालत कृष्णपुऱ्याला यावे. छत्र्यांच्या पायऱ्यांवर बसून मुलांना कृष्णाबाईंची गोष्ट सांगावी, आणि यशवंत वाडांचीही सांगावी. त्यांची छत्री कुठे नाही. शेती असेल तर एक दिवस काढून घाटाखाली निमाडात उतरावे. मिरचीच्या हंगामात बेडियाच्या बाजारात एखाद्या शेतकऱ्याजवळ बसून ‘मुरडा’ एवढा शब्द काढला, तरी पुढचे बोलणे आपोआप सुरू होते.